रामचंद्रपंत अमात्य : जमाखर्चापासून राजनीतीपर्यंत

मराठीतील राजनीतिपर गद्यात ‘आज्ञापत्रा’चे स्थान मोठे आहे. या ग्रंथाचे कर्तृत्व परंपरेने रामचंद्र नीलकंठ अमात्य यांच्याकडे जाते, आणि त्यांचे चरित्र ध्यानात घेतल्यावाचून त्यातील विवेचनाचा रोख पुरता उमगत नाही.

पंतांचे घराणे हिशेबनिसांचे. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार. राज्याचा जमाखर्च तपासणे हे त्या पदाचे काम. त्यांच्या पश्चात ते पुत्रांकडे आले व १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी त्यास अमात्य हे संस्कृत नाव मिळाले.

१६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. महाराष्ट्राचा कारभार त्यांनी ‘हुकुमतपनाह’ या अधिकारासह रामचंद्रपंतांवर सोपविला. लेखणीच्या अधिकाऱ्यास युद्धाचे सूत्रचालन करावे लागले. शंकराजी नारायण यांच्या सहकार्याने त्यांनी किल्ल्यांची व्यवस्था लावली, फौजा जमविल्या. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या पराक्रमास या व्यवस्थेचा आधार होता. १६९८ मध्ये राजाराम महाराज परतले, तेव्हा राज्य टिकून होते.

या यशाची किंमतही मोठी होती. खजिना रिता असल्याने सरदार व देशमुख यांना मोगलांकडे जाऊ न देण्यासाठी इनामे आणि वतने द्यावी लागली. रोख वेतन आणि केंद्राची हुकमत यांवर उभारलेली शिवकालीन घडी त्यामुळे सैल झाली. राज्य वाचविणारा उपायच राज्यास पोखरू लागला.

१७०७ मध्ये शाहू महाराज परतल्यावरही पंत ताराबाईंच्या पक्षात राहिले. १७१४ च्या सत्तांतरानंतर ते कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचे अमात्य होते. त्यांच्याच नावे, आयुष्याच्या अखेरीस, ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. राजा, प्रधान, सावकार, टोपीकर, दुर्ग, आरमार असे विषय त्यात क्रमाने येतात. आरमारासाठीही रयतेची आंब्या-फणसांची झाडे बळाने तोडू नयेत, इतका बारकावा त्यात आहे.

तथापि वतनदारांविषयीचे प्रकरण विशेष मननीय होय. वतनदार बळावल्यास राज्याची वाटणी होते, हा तेथील इशारा ग्रंथांतरीच्या नीतिवचनांतून आलेला नाही. आपल्याच कारकीर्दीत नाइलाजाने वाटलेल्या वतनांचा तो एका जाणत्या मुजुमदाराने मांडलेला ताळेबंद आहे. त्या गद्याचे वजन त्यातच आहे.