बिशप कोमेनियस : उंबरठ्यापासून भूगोल शिकविणारा गुरु

खेड्यांतील शाळेंत कित्येक मुलें दूरदूरच्या देशांच्या राजधान्यांचीं नांवें घडाघडा म्हणून दाखवितात. परंतु आपल्या गांवच्या ओढ्याचें पाणी कोणत्या नदीस मिळतें असें विचारलें, कीं तीं गप्प बसतात. ह्यांत मुलांचा दोष नाहीं. दोष शिकविण्याच्या रीतीचा आहे. ही रीत सुधारण्यासाठीं सुमारें चारशें वर्षांपूर्वीं ज्या देवभक्तानें आपलें आयुष्य वेंचिलें, त्याचें चरित्र आमच्या वाचकांस, आणि विशेषेंकरून शाळा चालविणाऱ्या प्रचारक बंधूंस, उपयोगी पडेल.

योहान आमोस कोमेनियस ह्याचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मध्य यूरोपांतील मोराव्हिया प्रांतांत झाला. हा प्रांत आज चेक देशांत मोडतो. सत्यासाठीं १४१५ सालीं जिवंत जाळला गेलेला यान हूस ह्याच्या शिकवणींतून जी बंधुमंडळी उदयास आली, तिचे सभासद त्याचे आईबाप होते. तो बारा वर्षांचा होतो न होतो तोंच दोघांनाही देवाज्ञा झाली. पोरक्या मुलाचें शिक्षण खुंटलें, आणि वयाच्या सोळाव्या वर्षीं तो लॅटिन शाळेंत जाऊं लागला. त्या काळीं मुलांस अर्थ न सांगतां नियम पाठ करावयास लावीत, व चुकल्यास छडी मारीत. कोमेनियस इतर मुलांहून मोठा असल्यामुळें ह्या शिक्षणाचा फोलपणा त्याच्या पुरता ध्यानांत आला. पुढें जर्मनींत धर्मशास्त्राचा अभ्यास करून १६१४ सालीं तो स्वदेशीं परतला. १६१६ सालीं त्याला पाळकपणाची दीक्षा मिळाली, आणि १६१८ सालीं फुलनेक गांवची मंडळी व तेथील शाळा अशीं दोन्हीं कामें त्याच्याकडे आलीं.

ह्या तरुण पाळकाचें आपल्या भूमीवर फार प्रेम होतें. त्यानें मोठ्या मेहनतीनें मोराव्हियाचा नकाशा तयार केला. नद्या, डोंगर व गांवें तर त्यांत होतींच. शिवाय द्राक्षमळे, खाणी व ऊन पाण्याचे झरे कोठें आहेत, तेंही खुणांनीं दाखविलें होतें. हा नकाशा १६२७ सालीं ॲम्स्टरडॅम शहरीं छापला गेला, आणि पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ लोक तो वापरीत होते.

परंतु ज्या भूमीचा नकाशा त्यानें काढला, तींत राहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १६२० सालीं प्राग शहराजवळ झालेल्या लढाईंत प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला, व छळास आरंभ झाला. फुलनेक गांव शिपायांनीं लुटलें. कोमेनियस लपून राहिला असतां १६२२ सालीं त्याची तरुण पत्नी व दोन्हीं लेंकरें प्लेगनें मरण पावलीं. त्याचे ग्रंथही जाळण्यांत आले. शेवटीं १६२८ सालीं बंधुमंडळीच्या पुष्कळ कुटुंबांस देश सोडावा लागला. सरहद्दीच्या डोंगरावर त्यानें मागें वळून आपल्या भूमीकडे पाहिलें, आणि गुडघे टेंकून, ह्या देशांत सत्याचें बीज गुप्तपणें तरी राखावें अशी देवाजवळ प्रार्थना केली, असें परंपरेनें सांगतात. त्यानंतर त्यानें स्वदेशाचें तोंड पुन्हां पाहिलें नाहीं.

पोलंड देशांतील लेश्नो गांवीं हे निर्वासित राहिले. तेथें शाळेंत शिकवीत असतां कोमेनियसानें आयांसाठीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. तें १६३३ सालीं जर्मन भाषेंत छापलें गेलें. सहा वर्षांच्या आंतील मुलांना घरीं काय शिकवावें, तें त्यांत सांगितलें आहे. भूगोलाविषयीं त्याचें मत असें कीं, ह्या विद्येची सुरुवात पाळण्यांतच होते. आईची मांडी ही बाळाची पहिली ओळखीची जागा. मग जेवावें कोठें, निजावें कोठें, बाहेर जाण्याचें दार कोणतें, हें तें ओळखूं लागतें. पुढें अंगण, रस्ता व आजीचें घर त्याच्या भूगोलांत येतात. सहाव्या वर्षापर्यंत गांव म्हणजे काय, शेत, कुरण, रान, टेकडी व नदी कशास म्हणावें, हें डोळ्यांनीं पाहून त्यानें शिकावें. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस शाळेंत मातृभाषेंतून पृथ्वीचा गोल आकार, समुद्र, खंडें व निरनिराळीं राज्यें शिकवावीं. परंतु स्वदेशांतील नद्या, डोंगर व शहरें अधिक बारकाईनें शिकवावीं, असा त्याचा क्रम होता. जवळचें आधीं व दूरचें मागून. वस्तु आधीं व शब्द तिच्या जोडीनें, हा त्या क्रमाचा पाया होय.

त्याची दुसरी शिकवण त्या काळच्या मानानें फार धीट होती. मुलगे व मुली, श्रीमंत व गरीब, शहरांतील व खेड्यांतील, सर्व लेंकरांस शाळा मिळालीच पाहिजे, असें तो म्हणे. कारण सर्व मनुष्यें देवाच्या प्रतिरूपाचीं आहेत.

त्याची कीर्ति पसरली, तशीं दूरदूरचीं बोलावणीं आलीं. १६४१ सालीं तो इंग्लंदांत गेला, पुढील वर्षीं स्वीडनांत. १६४८ सालीं बंधुमंडळीनें त्याला बिशप नेमिलें. त्याच वर्षीं यूरोपांतील तीस वर्षांचें युद्ध संपलें. परंतु तहांत ह्या निर्वासितांस घरीं परतण्याची मोकळीक मिळाली नाहीं. १६५० ते १६५४ पर्यंत त्यानें हंगेरींत शाळेची व्यवस्था पाहिली, आणि तेथेंच मुलांसाठीं आपलें सचित्र पुस्तक रचिलें. तें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग शहरीं प्रसिद्ध झालें. त्यांत दीडशें धडे असून प्रत्येकावर एक चित्र आहे. चित्रांतील वस्तूस जो आंकडा, तोच आंकडा खालच्या शब्दास दिलेला आहे, म्हणून मूल बोट ठेवून स्वतः ताडून पाहूं शकतें. पाण्याच्या एकाच धड्यांत झरा, ओहोळ, तळें, नदी व तिचे कांठ, समुद्र, आखात, भूशिर, बेट व सामुद्रधुनी हीं सर्व येतात. पुढें पृथ्वीचे दोन गोलार्ध व यूरोपाचा नकाशा आहे. अनेक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं, व शेंकडों वर्षें मुलें तें वाचीत राहिलीं.

हें पुस्तक निघण्यापूर्वीं दोन वर्षें, १६५६ सालीं, युद्धांत लेश्नो गांव जळून खाक झालें. कोमेनियसाचें घर, पुस्तकें आणि चाळीसांहून अधिक वर्षें खपून तयार केलेल्या शब्दकोशाचीं हस्तलिखितें त्यांत गेलीं. तेव्हां त्याचें वय चौसष्ट होतें. तरी त्यानें लेखणी खालीं ठेविली नाहीं. ॲम्स्टरडॅम शहरांत त्याला आश्रय मिळाला, व तेथेंच १५ नोव्हेंबर १६७० रोजीं त्यानें प्रभूच्या ठायीं विसावा घेतला. हॉलंडांतील नार्डेन गांवीं त्याची कबर आहे.

डोंगरावर केलेली ती प्रार्थना व्यर्थ गेली नाहीं. पुढच्या शतकांत बंधुमंडळी पुन्हां उभी राहिली. १७३२ सालीं तिचे मिशनरी वेस्ट इंडीजमधील गुलामांकडे गेले, आणि १८८५ सालीं त्यांनीं आमच्या हिमालयांतील लेह येथें ठाणें घातलें. ज्या देशानें त्याला घालवून दिलें, तोच देश आज त्याच्या जन्मदिवशीं शिक्षकदिन पाळतो.

आमच्या प्रचारक बंधूंनो, भिंतीवर नकाशा नाहीं म्हणून भूगोल अडत नाहीं. सकाळीं मुलांस अंगणांत उभें करून सूर्याकडे तोंड करावयास सांगा; चारी दिशा तेथेंच सांपडतील. टेकडीवर नेऊन गांवचें शिवार दाखवा, आणि मग त्यांच्याकडूनच तें धुळींत काढून घ्या. पहिला पाऊस पडला म्हणजे ओहोळाच्या कांठीं बेट, भूशिर व संगम दाखवा. सीना नदीच्या कांठच्या मुलास समजूं द्या कीं, हें पाणी भीमेंत, भीमेचें कृष्णेंत, आणि कृष्णेचें बंगालच्या उपसागरांत जातें. आईबापांनींही शेताच्या वाटेवर लेंकराच्या प्रश्नांस उत्तर देण्याचा कंटाळा करूं नये. पृथ्वी व तिच्यांतील सर्व कांहीं परमेश्वराचें आहे. तीं ओळखावयास आपल्या उंबरठ्यापासून आरंभ करण्याची बुद्धि तो आम्हां सर्वांस देवो.