प्लेगचे वैरी डॉ. हाफकिन

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथून मुंबईस जाणाऱ्या गाडींत बसून परळास उतरलें, म्हणजे तेथून थोड्याच अंतरावर एक जुनी भव्य इमारत लागते. पूर्वीं तींत मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आज तेथें हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. आमच्या पालकांपैकीं अनेकजण त्या वाटेनें कामावर जात असतील. परंतु हे हाफकिन कोण, असें विचारल्यास उत्तर देणारे थोडेच निघतील. म्हणून त्यांचें चरित्र, व त्यांच्या कार्याच्या वृक्षाला पुढें फुटलेली एक नवी शाखा, यांची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठच्या ओडेसा नगरांत, एका यहुदी कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत प्रख्यात शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्या हाताखालीं त्यांनीं सूक्ष्म जीवांचा अभ्यास केला. पुढें पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें त्यांना प्रथम ग्रंथालयांतील काम मिळालें. पण दिवसाचें काम आटोपलें कीं ते प्रयोगशाळेंत जाऊन बसत. पटकीवर त्यांनीं लस तयार केली आणि ती १८९२ च्या जुलै महिन्यांत प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्याच वर्षीं ते हिंदुस्थानांत आले व कलकत्त्याकडील वस्त्यांतून पटकीची लस टोचीत हिंडले.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला. घरेंदारें टाकून लोक मिळेल त्या गाडीनें शहर सोडूं लागले. सगळे बाहेर पळत असतां हाफकिन मात्र शहरांत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एक लहानशी खोली व ओसरी एवढीच त्यांस जागा मिळाली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखालीं ते प्लेगचे जंतु वाढवीत, आणि मग ते तापवून मारीत. अशा रीतीनें सिद्ध केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं आपल्याच अंगांत टोचून घेतली. त्यांस ज्वर आला, पण प्रकृति लवकरच सुधारली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील कैद्यांपैकीं जे तयार झाले त्यांस लस दिली, व तिचा गुण दिसून आला. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्या वाड्यांत आली, आणि तेथून लशीच्या कुप्या देशभर जाऊं लागल्या.

परंतु यशाच्या शिखरावर असतांनाच त्यांच्यावर घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मालकोवाल गांवीं १०७ जणांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच कुपींतील लस घेतलेले १९ जण धनुर्वातानें दगावले. कुपी उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट निर्जंतुक न करितां वापरला गेला होता, अशी हकीकत चौकशींत बाहेर आली. तरी दोष आला तो हाफकिनांच्या माथीं! त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं त्यांची बाजू जाहीरपणें मांडली, तेव्हां कोठें ते निर्दोष ठरले. ते पुन्हां कलकत्त्यास रुजू झाले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांच्या हातीं परत आली नाहीं. १९२५ सालीं तिला त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें त्यांनीं देह ठेविला.

हाफकिनांच्या पद्धतींत एक अडचण मुळांतच होती. शरीरास जंतूच्या एखाद्या अंशाची ओळख पटली तरी पुरते. पण तेवढ्यासाठीं सबंध घातक जंतु वाढवावा लागे. हा अंश निराळा काढतां आला तर? त्या काळीं तें शक्य नव्हतें. पुष्कळ जंतूंच्या शरीरांत मुख्य आनुवंशिक सूत्राखेरीज डीएनएचीं लहान वर्तुळें असतात. मुख्य सूत्राबाहेरच्या अशा घटकांस १९५२ सालीं जोशुआ लेडरबर्ग यांनीं प्लाझ्मिड हें नांव सुचविलें. गंमत अशी कीं, प्लेगच्या जंतूच्या ज्या आवरणाची ओळख पटून शरीर सावध होतें, त्याचें जनुकही अशाच एका प्लाझ्मिडावर असतें.

प्लाझ्मिड म्हणजे एक बांगडी समजावी. एका एन्झाइमाच्या कातरीनें ती ठराविक जागीं कापतात, हवें तें जनुक मध्यें बसवितात, आणि दुसऱ्या एन्झाइमानें सांधा जोडतात. ही बांगडी निरुपद्रवी जंतूंत शिरली, कीं त्याच्या वाढीबरोबर तिच्याही प्रती निघतात, व त्या जनुकाचा पदार्थ तयार होऊं लागतो. बांगडी कोणत्या जंतूंत शिरली हें कळावें, म्हणून एखाद्या औषधास दाद न देणारें जनुकही तिच्यावर ठेवितात. तें औषध घातलें कीं बाकीचे जंतु मरतात. परकें जनुक वाहून नेणाऱ्या अशा साधनास वाहक म्हणतात. निरुपद्रवी केलेले विषाणुही हेंच काम करितात.

१९७३ सालीं कोहेन व बॉयर यांनीं ही युक्ति सिद्ध केली. १९८२ पासून मधुमेहाचें इन्सुलिन तिनें मिळूं लागलें. आमच्या बालवाचकांपैकीं बहुतेकांस तान्हेपणीं टोचलेली काविळीची लस अशाच रीतीनें यीस्टमध्यें तयार होते. २०२१ सालीं पुण्याहून गांवोगांव गेलेल्या कोव्हिशील्ड लशींत वाहक विषाणु होता. त्याच वर्षीं अहमदाबादेस तयार झालेल्या लशीस मान्यता मिळाली, तींत तर प्लाझ्मिडच टोचावयाचें होतें. प्लेगच्या आवरणाचें जनुक निरुपद्रवी जंतूंत घालून बनविलेल्या लशीही संशोधकांनीं तपासल्या आहेत. त्यांसाठीं प्लेगचा जंतु वाढवावा लागत नाहीं.

साधनें बदललीं, तरी मालकोवालचा धडा जुना झालेला नाहीं. उत्तम विद्या शेवटच्या हातापर्यंत स्वच्छ पोंचली तरच ती तारक ठरते. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां प्रयोगशाळेंत उभे राहतील, कोणी दवाखान्यांत, तर कोणी कारखान्यांत. त्यांनीं हाफकिनांचें धैर्य घ्यावें, आणि जमिनीवर पडलेला तो चिमटाही विसरूं नये.