रक्तवाहिन्या शिवणारे डॉ. कारेल

२४ जून १८९४ रोजी ल्यों शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी नीला छेदली गेली होती. ती शिवण्याची विद्या त्या काळी शल्यविशारदांपाशी नव्हती. काही तासांतच कार्नो यांचा अंत झाला. त्याच शहरात वैद्यक शिकणारे अलेक्सी कारेल यांच्या मनात ही घटना घर करून राहिली.

ल्यों ही रेशमाची नगरी. कारेल यांनी तेथील एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडून नाजूक टाक्यांचे कसब आत्मसात केले आणि १९०२ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. वाहिनीच्या गोल तोंडाला समान अंतरावर तीन टाके घालून ते ताणले की त्रिकोण होतो आणि त्याची प्रत्येक बाजू सरळ शिवता येते. मात्र खरे मर्म उरलेल्या पथ्यांत होते. आतल्या अस्तराला अस्तरच भिडले पाहिजे, रेशीम व्हॅसलिनने माखलेले हवे, वाहिनी चिरडता कामा नये, जंतूंचा शिरकाव होता कामा नये. एवढ्यात काही चुकले की गुठळी धरण्याचे भय.

मायदेशी उत्कर्षाची वाट खुंटल्याने १९०४ साली ते अमेरिकेत गेले. शिकागोत चार्ल्स गथ्री यांच्यासह केलेल्या प्रयोगांत, धमनीत जोडलेल्या निलेची भिंत जाड होते, हेही त्यांना दिसले. १९१२ चे नोबेल मात्र एकट्या कारेल यांना मिळाले. गथ्री यांच्या वाट्याला उपेक्षा आली, असेच म्हणावे लागते.

पुढचा अध्याय झाकून ठेवण्याजोगा नाही. १९३५ च्या ग्रंथात कारेल यांनी काही गुन्हेगार व मनोरुग्णांना वायूने मारण्याचे समर्थन केले. युद्धकाळात व्हिशी राजवटीच्या आश्रयाने संस्था चालवली. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये ते निवर्तले.

१९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील डॉक्टरांनी डायलिसिससाठी मनगटाजवळची धमनी व नीला जोडून केलेला फिस्टुला जगापुढे मांडला. धमनीचा दाब सोसून नीला रुंदावते, जाड होते आणि काही आठवड्यांनी सुई टोचण्याजोगी बनते. धमनी मधुमेहाने कडक झालेली असेल किंवा नीला अरुंद असेल, तर उत्तम हाताचे टाकेही पुरे पडत नाहीत. म्हणूनच मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाच्या हाताच्या शिरा सलाईनसाठी शक्यतो टोचू नयेत, असे तज्ज्ञ बजावतात; फिस्टुलासाठी हात राखायचा असेल, तर तो वर्षानुवर्षे आधीच राखावा लागतो.