शेवटचे कडवे कापू नका! वामनदादांची गाणी पुन्हा ऐकताना

लोककवी वामनदादा कर्डक यांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही १४ एप्रिल जवळ आला की वस्तीवस्तीत त्यांची गाणी वाजू लागतात. मिरवणुकीत डीजेवर, लग्नात, नामकरणात, रात्रीच्या गायन पार्टीत आणि आता मोबाइलवर. गाणे सगळ्यांना पाठ असते. ते कोणी लिहिले, हे विचारले तर मात्र बरेच जण गायकाचे नाव सांगतात. ज्या माणसाने चळवळीला शब्द दिले, त्याचेच नाव गाण्यातून गळत चालले आहे. म्हणून या माणसाचे आयुष्य आणि त्याची गाणी पुन्हा एकदा नीट पाहायला हवीत.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी त्यांना बरोबर पंचवीस वर्षे पूर्ण झाली. बालपण मात्र स्वातंत्र्याची चव देणारे नव्हते. जातीने अस्पृश्य, घरी गरिबी, वडिलांचे छत्र लवकर हरपलेले. गुरे राखायची, मिळेल ते काम करायचे. शाळेची पायरी त्यांनी चढलीच नाही. सिन्नरकडची माणसे पोट भरायला मुंबईला जात, तसे तेही गेले आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत राबले, चिक्कीही विकली. संसारातही सुख वाट्याला आले नाही. पहिला संसार मोडला, मुलगी मीरा लहानपणीच गेली. पुढे शांताबाई त्यांच्या आयुष्यात आल्या आणि गाण्यापायी सतत फिरणाऱ्या माणसाचे घर त्यांनी सांभाळले.

शिवडीच्या चाळीत असताना एकाने वामनदादांच्या हातात पत्र दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. त्यांना वाचता येत नव्हते. ती गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. चाळीतल्या एका मास्तरांकडे ते अक्षरे शिकले. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. त्याच काळात ते समता सैनिक दलात आले. आज अक्षरज्ञान नसलेल्या प्रौढ माणसाला आपण सहज अडाणी म्हणतो. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कवीला ऐन तारुण्यापर्यंत स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, हे त्या वेळी आठवावे.

१९४३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मुंबईत नरे पार्कला त्यांनी बाबासाहेबांना पहिल्यांदा पाहिले. त्याच वर्षी ३ मे रोजी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गाणे रचले. ते विडंबन होते. लोक हसले, त्यांना आवडले, आणि आपल्याला शब्द जुळवता येतात हे वामनदादांना कळले. त्यानंतर साठ वर्षे हा माणूस थांबला नाही. त्यांच्या गाण्यांची संख्या काही हजारांत मोजली जाते. कितीतरी गाणी तिथल्या तिथे रचली, गायली आणि कोणाच्या तरी वहीत राहून गेली.

ही परंपरा वामनदादांपासून सुरू झाली नाही. आधी सत्यशोधक जलसे होते. मग भीमराव कर्डक आणि इतर शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गण, बतावणी, गाणे अशा तमाशाच्या अंगानेच ते बांधलेले होते, पण त्यात देवाऐवजी माणूस आणि लावणीऐवजी प्रबोधन आले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. पेटी, ढोलकी, टाळ, दोन-तीन साथीदार एवढा लवाजमा. एका रात्री एका गावात, दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावात. कव्वालीसारखा सवाल-जवाबही रंगायचा. वामनदादा या रंगमंचाचे कवी होते. एसटीने, बैलगाडीने, पायी, जसे जमेल तसे ते महाराष्ट्रभर फिरले. मानधनाचा भरवसा नसायचा. कधी जाण्यायेण्याचे भाडे सुटायचे, कधी तेही नाही.

समाजशास्त्रात आपण जनमत कसे घडते हे शिकतो तेव्हा वर्तमानपत्रे, सभा, संस्था यांचा विचार करतो. आपल्या वस्त्यांत वाचता येणारी माणसे मोजकी होती, तेव्हा हे काम गाण्याने केले. बुद्ध कोण, संविधानाने काय दिले, बावीस प्रतिज्ञांचा अर्थ काय, हे शेतमजूर बाईपर्यंत पुस्तकातून पोहोचले नाही. ते रात्री दोन वाजता, पोर मांडीवर घेऊन ऐकलेल्या गाण्यातून पोहोचले. वामनदादा स्वतः निरक्षरतेतून आले असल्यामुळे त्यांना ही बाई ठाऊक होती. म्हणून त्यांचे शब्द साधे आहेत आणि चाल एकदा ऐकली की जिभेवर बसते.

साधे शब्द म्हणजे सोपा विचार नव्हे. त्यांची दोन गाणी शेजारी ठेवून ऐका. एका गाण्यात तहानलेला माणूस घरातल्या माउलीकडे आपल्या लहानशा गाडग्यात पाणी मागतो. त्यात शिवी नाही, घोषणा नाही. फक्त विनवणी आहे, आणि त्या विनवणीतच सगळी जातव्यवस्था उघडी पडते. दुसऱ्या गाण्यात तोच समाज देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन संपत्तीतला आपला वाटा कुठे आहे, असे विचारतो. पाणी मागणारा माणूस हिशेब मागू लागतो. महाडच्या चवदार तळ्यापासून आर्थिक लोकशाहीपर्यंतचा आपला प्रवास या दोन गाण्यांत आला आहे. जातीचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न वामनदादांनी कधी वेगळा केला नाही.

बाबासाहेबांच्या जन्मामुळे कोट्यवधींचे आयुष्य पालटले हे सांगणारे त्यांचे गाणे तर आपल्याकडे प्रार्थनेसारखे गायले जाते. पण त्यांचेच आणखी एक गाणे आहे. बाबासाहेबांच्या विचारांची खरी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जरी असती, तरी चित्र वेगळे दिसले असते, असा त्याचा भाव आहे. हे गाणे बाहेरच्या शत्रूसाठी नाही. रिपब्लिकन पक्षाचे गट पाडणाऱ्या, खुर्चीपुढे वाकणाऱ्या आपल्याच पुढाऱ्यांसाठी ते आहे. आज त्याच पुढाऱ्यांच्या स्टेजवर ते वाजते आणि समोर बसलेले टाळ्या वाजवतात. चाल इतकी चांगली आहे की शब्दांचा मार लागत नाही. हा गाण्याचा दोष नाही, आपल्या ऐकण्याचा आहे.

वामनदादांना चित्रपटाची वाटही खुली झाली होती. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात त्यांचे एक गाणे आहे. मधुबाला जव्हेरी आणि विठ्ठल शिंदे यांनी ते गायले आणि ते आजही रेडिओवर लागते. ते ऐकणाऱ्या अनेकांना हा भीमगीतांचा कवी आहे हे माहीतच नसते. त्या वाटेने पुढे जाऊन बरे पैसे मिळाले असते. ते वस्तीतच राहिले. पुढे ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे गीतसंग्रह आले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आले. १९९३ साली वर्ध्याला झालेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्याच वर्षी जून महिन्यात प्रल्हाद शिंदेही गेले. चळवळीचा एक शब्द आणि एक आवाज दीड महिन्याच्या आत थांबला.

आता रेकॉर्डिंगबद्दल. कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीते गल्लीगल्लीत पोहोचली. माझी पिढी त्याच कॅसेटवर वाढली. कव्हरवर गायकाचा मोठा फोटो असायचा, कवीचे नाव असले तर कोपऱ्यात, बारीक अक्षरात. आज इंटरनेटवर ते बारीक अक्षरही अनेकदा राहत नाही. वामनदादांच्या स्वतःच्या आवाजातली मुद्रणे त्या मानाने थोडी आहेत. ती मिळतील तेव्हा जरूर ऐका. तो आवाज स्टुडिओचा नाही, चौकाचा आहे. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेला पाहिजे, एवढीच त्याची काळजी आहे.

जुन्या संतकवींप्रमाणे वामनदादाही शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफत. ज्या कवीकडे ना प्रकाशक होता ना वकील, त्याची ती सहीच होती. रीमिक्स करताना, रील बनवताना नेमके शेवटचे कडवे कापले की कवीची सही पुसली जाते. कायद्यानेही हे गैर आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे वामनदादांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. गाण्यासोबत कवीचे नाव लावले जाणे, हाही कायद्याने मान्य केलेला हक्क आहे.

तरुण कार्यकर्त्यांना म्हणून तीन कामे सांगावीशी वाटतात. जयंतीच्या कार्यक्रमात गाणे सुरू होण्याआधी कवीचे नाव माइकवरून घ्या. गाणे टाकाल तेव्हा कवीचे नाव लिहा आणि शेवटचे कडवे ठेवा. आणि तुमच्या वस्तीत जुने गायक, ढोलकीवाले, पेटीवाले असतील तर त्यांच्या वह्या आणि कॅसेटी आजच उतरवून घ्या. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीला आली आहेत. त्यांच्यासोबत जे जाईल ते कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाही.

दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरे शिकलेल्या माणसाने आपल्याला एवढे शब्द दिले. त्याचे नाव लिहिण्यापुरती अक्षरे तरी आपण वापरली पाहिजेत.

महाकवी वामनदादा कर्डक यांना विनम्र अभिवादन. जय भीम!