विनोदाने भावना दुखावण्याचा वाद पेशवाईपासूनचा. तमाशापायी घर सुटलेले रामजोशी कोण होते?

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात देवधर्म किंवा जातीचा विषय आला, की माफीची मागणी होते. मंचावर कोणी, काय बोलावे हा वाद मात्र पेशवाईपासूनचा आहे. त्याचा एक धागा बारामतीपर्यंत येतो.

कोण होते रामजोशी?
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल पुराण सांगत. रामजोशी मात्र धोंडी शाहिराच्या फडात रमले. ब्राह्मणाचा मुलगा तमाशात, हे घरच्यांना सहन झाले नाही. त्यांना घर सोडावे लागले. पंढरपुरात ते संस्कृत शिकले, पण पुढेही डफ-तुणतुणे सुटले नाही.

लावणीत खटकण्यासारखे काय?
शृंगार होताच. शिवाय जटा वाढवून, भस्म फासून भक्तीचे सोंग करणाऱ्यांची त्यांनी लावणीतून टर उडवली. शास्त्र शिकलेल्या माणसानेच फडावर ढोंग उघडे पाडले, म्हणून ते जास्त झोंबणारे होते.

बारामतीचा संबंध काय?
पंडितकवी मोरोपंत (१७२९-१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहत. त्यांनी या तमासगिराची प्रतिभा ओळखली आणि त्याला कीर्तनाकडे वळवले, असे परंपरा सांगते. रामजोशींनी पुढे कीर्तनांतून मोरोपंतांच्या आर्या लोकांपर्यंत पोहोचवल्या.

नंतर काय झाले?
१९४७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेने त्यांच्यावर चित्रपट काढला. मुख्य भूमिका जयराम शिलेदार यांची होती. चित्रपटाच्या नावात रामजोशींना मान मिळाला तो लोकशाहीर म्हणून. ज्या फडामुळे घर सुटले, त्याच फडाने त्यांचे नाव राखले.