कॅप्टन अमेरिका रेखाटणाऱ्या जॅक कर्बी यांना स्वतःचीच चित्रं परत का मिळत नव्हती?

अ‍ॅव्हेंजर्सचा एकही सिनेमा पाहिला नाही, असा माणूस आता शोधावा लागतो. कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक पँथर ही नावं तर लहान पोरांनाही पाठ असतात. ही चारही पात्रं घडवणाऱ्यांमध्ये एक नाव सामाईक आहे, ते म्हणजे जॅक कर्बी.

याच कर्बी यांना स्वतःच्या हातानं काढलेली पानं परत मिळवण्यासाठी वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर आपल्या जुन्या कंपनीशी भांडावं लागलं. आणि ते भांडत होते तेव्हा त्यांचीच काही पानं बाजारात विकली जात होती. जुनं कॉमिक किंवा त्याचं मूळ चित्र विकत घेताना ते कुठून आलं हे का विचारायचं, याचं उत्तर या गोष्टीत आहे.

गरीब वस्तीतला जेकब

कर्बी यांचं खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू. वडील कपड्यांच्या कारखान्यात काम करायचे. चित्रकला जेकब बराचसा स्वतःच शिकला. सुरुवातीला त्यानं फ्लायशर स्टुडिओत पॉपायच्या कार्टूनपटांवर काम केलं, मग तो कॉमिक्सकडे वळला.

तिथे जोडीदार भेटला जो सायमन. दोघांनी मिळून कॅप्टन अमेरिका उभा केला. मार्च १९४१ अशी तारीख छापलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हा नायक हिटलरला ठोसा लगावताना दिसतो. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीसुद्धा नव्हती. १० सेंटला विकल्या गेलेल्या या अंकाची एक उत्तम प्रत २०२२ साली लिलावात ३१ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली.

पुढे कर्बी स्वतःच युद्धावर गेले. १९४४ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर लढताना थंडीनं त्यांचे पाय इतके बाधले की ते कापावे लागतात की काय अशी वेळ आली. पाय वाचले. घरी परतल्यावर पुन्हा पेन्सिल हातात आली.

पानामागे पैसे, बाकी काही नाही

१९६१ मध्ये 'फॅन्टॅस्टिक फोर' आलं आणि मार्व्हलचं नशीब पालटलं. लेखक-संपादक स्टॅन ली आणि चित्रकार कर्बी या जोडीनं पुढच्या काही वर्षांत हल्क, थॉर, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स, ब्लॅक पँथर अशी रांगच लावली.

काम कसं चालायचं? ली आणि कर्बी यांची कथेवर चर्चा व्हायची. मग कर्बी घरी बसून अख्खी गोष्ट चित्रांत मांडायचे. कोणत्या चौकटीत काय घडतंय हे पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवायचे. त्यानंतर ली संवाद लिहायचे, दुसरा कलाकार शाई चढवायचा आणि पान छपाईला जायचं.

कर्बी यांना मोबदला मिळायचा तो पानामागे. पात्र कितीही गाजलं तरी त्यात त्यांचा वाटा नसायचा. छपाई झाली की मूळ पानं प्रकाशकाकडेच पडून राहायची. त्या काळात या पानांना किंमत आहे असं कुणाला फारसं वाटतही नव्हतं. काही पानं भेट म्हणून वाटली गेली, काही फेकली गेली, तर काही कुणीतरी गुपचूप उचलून नेली.

बाजार उभा राहिला आणि प्रश्नही

१९७० मध्ये कर्बी मार्व्हल सोडून डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. त्याच वर्षी सॅन दिएगोमध्ये आज जगप्रसिद्ध असलेल्या कॉमिक-कॉनची सुरुवात झाली आणि कर्बी तिथे पाहुणे होते. चाहत्यांशी त्यांचं वागणं घरच्यासारखं असायचं. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या घरी तरुण चाहते थेट येऊन बसायचे.

अशा मेळाव्यांतूनच जुन्या कॉमिक्सचा बाजार वाढला. छापील अंकांच्या जोडीला मूळ चित्रंही टेबलांवर दिसू लागली. छापील अंकाच्या हजारो प्रती असतात, मूळ पान मात्र एकच. त्यावर पेन्सिलीच्या रेषा, पांढऱ्या रंगानं केलेल्या दुरुस्त्या, कडेच्या नोंदी असं सगळं दिसतं. त्यामुळे संग्राहकांच्या उड्या पडू लागल्या.

सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी नव्या कामाची मूळ पानं कलाकारांना परत द्यायला सुरुवात केली. पण साठच्या दशकातली पानं गोदामातच होती. त्यातली काही बाहेर विकली जात होती, आणि ज्यांनी ती काढली त्या कर्बी यांच्या पदरात काहीच पडत नव्हतं.

८८ पानं आणि चार पानी अट

ऐंशीच्या दशकात मार्व्हलनं जुनी पानंही परत करायचं ठरवलं. इतर कलाकारांना एका पानाचा करारनामा सही करायला दिला. कर्बी यांना मात्र चार पानांचा. पात्रांवर हक्क सांगायचा नाही, मिळालेली चित्रं विकण्यावर आणि प्रदर्शनात मांडण्यावर बंधनं, अशा त्यातल्या अटी होत्या. बदल्यात मिळणार होती फक्त ८८ पानं. कर्बी यांनी मार्व्हलसाठी काढलेल्या पानांचा अंदाज १० हजारांच्या वर जातो.

कर्बी यांनी सही करायला नकार दिला. १९८६ मध्ये 'द कॉमिक्स जर्नल' या मासिकानं हे प्रकरण लावून धरलं. कॉमिक्स क्षेत्रातले नामवंत लेखक-चित्रकार त्यांच्या बाजूनं उभे राहिले, सह्यांची मोहीम झाली. अखेर १९८७ मध्ये कंपनी नमली आणि कर्बी यांना सुमारे दोन हजार पानं मिळाली. बाकीची हजारो पानं नष्ट झाली, हरवली किंवा कुणा ना कुणाच्या संग्रहात पोहोचली.

६ फेब्रुवारी १९९४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी कर्बी गेले. पात्रांच्या हक्कांसाठी त्यांच्या वारसांनी दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोडीनं मिटला. त्यानंतर मार्व्हलच्या अंकांमध्ये निर्माते म्हणून स्टॅन ली यांच्यासोबत कर्बी यांचं नाव ठळकपणे येऊ लागलं.

मग खरेदी-विक्री करताना काय पाळायचं?

पहिली गोष्ट, मूळ चित्र घ्यायचं असेल तर त्याचा प्रवास विचारा. कलाकारानं विकलं, त्याच्या कुटुंबानं विकलं की आणखी कुठून आलं? प्रामाणिक विक्रेत्याला या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्या. अमेरिकेतल्या कायद्याचं साधारण तत्त्व असं आहे की चोराकडे मालकी नसते, त्यामुळे तो ती पुढे देऊही शकत नाही. खरेदीदारानं पूर्ण पैसे मोजले असले तरी चोरीचा माल त्याचा होत नाही.

दुसरी गोष्ट विकणाऱ्यासाठी. फाटलेलं पान चिकटवलंय, रंग भरलाय, कडा कापल्यात, पिना बदलल्यात, हे सगळं समोरच्यानं विचारायच्या आधी सांगायचं. फोटो त्याच प्रतीचा टाकायचा, नेटवरून उचललेला नाही.

तिसरी गोष्ट व्यवहारातल्या शिस्तीची. घासाघीस करायला हरकत नाही, पण भाव एकदा ठरला की मोडायचा नाही. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना मध्येच जास्त भाव सांगायचा नाही. अंक पिशवीतून काढण्याआधी विचारायचं.

आणि चौथी, जी कर्बी यांच्या गोष्टीतून थेट कळते. विकणाऱ्याला वस्तूची किंमत माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी गप्प राहून स्वस्तात उचलणं कायद्यानं गुन्हा ठरेलच असं नाही. पण कर्बी यांच्या पानांचं जे झालं त्याची सुरुवात अशाच गप्प बसण्यातून झाली होती. त्या कागदांचं मोल ज्यांना सगळ्यात आधी कळलं, त्यांनी ते चित्रकाराला सांगितलं नाही.

यात पैशांपलीकडचंही काही आहे. कर्बी यांनी पानांच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेल्या नोंदी आज पुरावा म्हणून पाहिल्या जातात. त्या कथा घडवण्यात त्यांचा किती वाटा होता, हे त्यातून दिसतं. अमेरिकेतलं जॅक कर्बी म्युझियम त्यांच्या चित्रांच्या डिजिटल प्रती जमवतंय आणि त्यासाठी ज्यांच्याकडे मूळ पानं आहेत त्या संग्राहकांची मदत लागते. पान कुठून आलं हे उघडपणे सांगता येत असेल, तर संग्राहकाला ते स्कॅनिंगसाठी पुढे करायला अडचण नसते. चोरून आलेलं पान मात्र तिजोरीतच राहतं, आणि त्याच्या कडेला लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही.