जकार्ताचे सुवर्ण आणि रहीम साहेबांची अखेरची झुंज

4 सप्टेंबर 1962. जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेचा अंतिम सामना. मैदानाभोवती जमलेला अफाट जनसमुदाय भारतीय संघाची हुर्यो उडवत होता. समोर दक्षिण कोरियाचा संघ होता आणि याच संघाने सलामीच्या सामन्यात भारताला 2-0 असे हरवले होते. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम त्या वेळी फुफ्फुसाच्या कर्करोगाशी झुंजत होते.

17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबाद येथे जन्मलेले रहीम पेशाने शिक्षक होते. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले. पुढे हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद सांभाळतानाच ते प्रशिक्षणाकडे वळले. त्यांच्यातील शिक्षक मैदानावरही कायम राहिला. चेंडू फार वेळ पायाशी न ठेवता झटपट पास देणे आणि दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने खेळणे, हे धडे त्यांनी खेळाडूंकडून गिरवून घेतले. त्यांच्या तालमीतील हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईतील रोव्हर्स चषक जिंकला.

राष्ट्रीय संघाची धुरा हाती येताच 1951 मध्ये दिल्लीतील पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला 1-0 असे नमवून सुवर्णपदक पटकावले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा मानहानिकारक पराभव पत्करावा लागला. अनेक भारतीय खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर बूट घालून खेळणे बंधनकारक झाले.

1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून उपांत्य फेरी गाठली. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या टाटा संघाचे आघाडीपटू नेव्हिल डिसोझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. भारत अखेर चौथ्या स्थानावर राहिला. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी ठरली.

जकार्तातील सलामीच्या पराभवातून रहीम यांनी संघाला सावरले. थायलंड, जपान आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम यांना हरवून भारत अंतिम सामन्यात पोहोचला. बचावपटू जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत झाली होती. रहीम यांनी त्यांना वगळले नाही. त्यांनी जर्नेल यांना बचावफळीतून काढून थेट आघाडीला खेळवले. तापातून उठलेले गोलरक्षक पीटर थंगराज यांच्यावरही त्यांनी विश्वास टाकला. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांतच गोल केले. कोरियाला उत्तरार्धात एकच गोल करता आला आणि चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील भारताने 2-1 असा विजय मिळवला.

या विजयाला वर्षही पूर्ण झाले नसताना, 11 जून 1963 रोजी वयाच्या 53 व्या वर्षी रहीम यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम यांनी खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक म्हणून फुटबॉलची सेवा पुढे चालू ठेवली. रहीम यांच्यानंतर 1970 च्या बँकॉक स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले. आशियाई सुवर्ण मात्र पुन्हा कधीच हाती आले नाही. जकार्तातील तो विजय भारतीय फुटबॉलचे अखेरचे आशियाई सुवर्ण ठरला आहे.